डाव्या बरगडीखाली

यशोदाबाईच्या ओट्यावर यायचं तर सकाळी सातच्या आत आणि उपाशीपोटी. चहासुद्धा नाही. चहा पिऊन आलेल्याला ती आल्या पावली परत पाठवायची, मग तो गल्लीतला असो की यावलहून पहिल्या एसटीनं आलेला.

"पोट भरेल असलं का बेंबी दडून बसते. मंग मी कोठी धुंडू तिले?"

केळीच्या बागा संपून सातपुड्याचा चढ लागतो, तिथं निंबझिरा आहे. घड वाहणाऱ्या, पाइप ओढणाऱ्या, पोती उचलणाऱ्या माणसांचं गाव. अशा गावात दर दोन दिवसांनी कोणाची तरी बेंबी सरकतेच. माणूस येई, ओट्यावर उताणा पडे. यशोदाबाई दोन्ही पायांचे अंगठे जुळवून बघायची, एक वर एक खाली दिसला की हुंकार द्यायची. मग बेंबीवर कणकेची पणती, पणतीत पेटती वात, वर पितळी तांब्या पालथा. वात विझली की तांब्या पोटाचं कातडं असं ओढून धरी की बघणाऱ्या पोरांचे डोळे बाहेर यायचे. तांब्या सुटला की 'फट्' आवाज व्हायचा आणि पोरं पळायची.

पण तिचा खरा हात कानात होता. माणूस वळणावर असतानाच ती नुसत्या कण्हण्यावरून दुखणं सांगायची, वर नक्कलही करून दाखवायची. पोटात वारा धरलेला "ओ-ओ-ओ" असा लांबवत येतो. बेंबी सरकलेला "अं" म्हणून मध्येच श्वास गिळतो. आणि बागेतलं काम चुकवायला निघालेला रस्ताभर गप्प असतो, ओटा दिसला की मग सुरू होतो: "मायवं, मेलो वं, मोठी माय, मेलो!" असल्याला ती तांब्या जरा जास्तच वेळ लावून ठेवायची.

फक्त एक गोष्ट ती करायची नाही. डाव्या बरगडीखाली तिचा हात जात नसे. तिथं पाणथरी, म्हणजे प्लीहा, असते आणि हिवतापानं ती वाढते, हे निंबझिऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. तसला गोळा घेऊन कोणी आलं की ती पदर सावरून उठायची. "ते काम मले जमत नही. दवाखान्यात जाय." लोक समजायचे, देवीला काही बोलली असेल. सव्वीस वर्षं लोक असंच समजत होते, आणि तिनंही त्यांना समजू दिलं होतं.

*

तिच्या घरात तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण मूल होतं. धाकटा दीर लीलाधर, त्याचा मुलगा प्रेमराज. प्रेमराज दोन वर्षांचा असताना त्याची आई मंदाबाई गेली आणि पोर यशोदाबाईच्या कडेवर आलं ते उतरलंच नाही. गावातल्या बाया म्हणायच्या, नावच यशोदा, दुसरं काय होणार! ती हसायची नाही.

लहानपणी प्रेमराजला दर भादव्यात ताप येई. तीन गोधड्या अंगावर, वर यशोदाबाई स्वतः, तरी पोर खाट हलवायचं. मग घाम यायचा, दुसऱ्या दिवशी पोर आंब्यावर. आठव्या-नवव्या वर्षानंतर ताप यायचा थांबला. सतरा वर्षांचा होऊन तो पुण्याला कारखान्यात गेला, अकरा वर्षं राहिला, आणि या उन्हाळ्यात बायकोला घेऊन परत आला. गावात केळी पिकवायची थंड खोली टाकायची, असं त्याच्या मनात होतं.

येताना त्यानं पुण्याची बोली बरोबर आणली. "हो ना", "अगं नाही गं", "टेन्शन नको घेऊस". चावडीवरची माणसं त्याच्या पाठीमागं तोंडं वाकडी करून बोलायची, "हो ना लीलाधरआबा, टेन्शन नका ना घेऊ!" आणि लीलाधर चिडायचा, आणि आतून फुगायचा.

बागेच्या बांधाला शेततळं होतं. संध्याकाळी तिथं डासांचा असा आवाज यायचा की जणू लांब कुठं गिरणी चालू आहे. पूनमनं मच्छरदाणी बांधायला काढली तर प्रेमराजनं गुंडाळून ठेवली.

"अगं, मी इथलाच आहे. हे डास मला लहानपणापासून ओळखतात. माझ्या रक्ताला सवय आहे."

पूनम मंदाबाईच्या भावाची मुलगी, धुळ्याकडची, सोनगीरची. लीलाधरनं मुद्दाम बायकोच्या माहेरून सून आणली. तिचं बोलणं अहिराणी. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "मोठी माय, मीठ कोठे शे?" आणि यशोदाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. आवाज तोच होता. शेवटचा शब्द जरा ओढून वर न्यायची लकब तीच. सव्वीस वर्षांनी मंदा स्वयंपाकघरात उभी राहून मीठ मागत होती.

*

गणपती उठले आणि तिसऱ्या दिवशी प्रेमराजला थंडी वाजली.

त्यानं हसण्यावारी नेलं. एक दिवस ताप, एक दिवस बरा, परत ताप. गावातल्या एकानं सुई टोचली, ताप उतरला, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. लीलाधर म्हणाला, "पहाडातलं पोर हाये माहं. ताप त्याचं काय करनार?" सहाव्या दिवशी पोटाची डावी बाजू धरून तो खाटेवर बसला आणि उठेना.

त्याच सकाळी जीवराम आला. जीवराम म्हणजे हिवतापवाला. सत्तावीस वर्षं खांद्याला पिशवी, पिशवीत सुया आणि काचपट्ट्या. त्याला कोणत्याही घरात शिरताना आधी घोषणा द्यायची सवय. "समस्त नागरिकांना कळविण्यात येते की रक्त तपासणी मोफत असून कोणीही मागच्या दारानं पळू नये!" मग आवाज उतरवून, "चहा ठेव वं पोरी."

त्यानं घरातल्या चौघांच्याही बोटाला सुई टोचली आणि चार छोट्या पट्ट्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. एक रेघ म्हणजे ठीक, दोन रेघा म्हणजे हिवताप. लीलाधरची एक. पूनमची एक. प्रेमराजच्या दोन, चांगल्या ठळक. चौथ्या पट्टीकडं जीवरामनं चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"ही कोनाची?"

"माही," यशोदाबाई म्हणाली.

"अक्का, तुमाले ताप येतो?"

"मले? ताप येऊन मले पंधरा वर्षं झाली असतील."

"पुसट हाये, पन दोन हायेत." जीवरामचा घोषणेचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "जंतू तुमच्या अंगात हाये. पन तुमचं अंग त्याच्यासंगं नांदू राह्यलं. इतक्यांदा येऊन गेला तो, का अंगाले त्याची खोड माहीत झाली. जास्त उड्या मारू देत नही, पार हाकलतबी नही. तुमाले कळतबी नही. डासाले मात्र कळते. तो तुमाले चावते, मंग दुसऱ्याले चावते."

पूनम हातात कपबशी घेऊन दारात उभी होती. यशोदाबाईनं आपल्या हाताच्या पाठीकडं पाहिलं. काल संध्याकाळी तिथं डास बसला होता, तिनं फुंकरीनं उडवला होता.

"पन त्यालेबी सवय व्हती," लीलाधर म्हणाला. "दरसाल यायचा ताप. पेलून न्यायचा गडी."

"व्हती, आबा. ती सवय घरात ठेवेल भांड्यावानी राहत नही. ताप येत राह्यला तर अंगाले आठवन राहते. अकरा वर्षं पुन्यात बसला, अंग इसरून गेलं. आता त्याच्या अंगाले वाटलं का कोनी नवाच चोर आला. बठ्ठ्या अंगानं एकदमच काठ्या उचलल्या." जीवरामनं प्रेमराजचा सदरा वर केला, डोळ्यांनीच पाहिलं, हात लावला नाही. "पाणथरी पाहा. जंतूवालं रगत तिथं गाळून अडकते. सहा दिवसांत फुगली. तुमच्या-माह्यावानी जुन्या मान्साची पाणथरी खारकेसारखी राहते, चिवट. नव्या तापाची पिकल्या केळावानी. साल पातळ, आत गर." तो उठला. "गोळ्या देतो, पन त्याच्यावर राहू नका. जळगावले न्या, आजच. आन् हात लावू नका. कोनीच."

तो पुढच्या घराकडं गेला. तिथून त्याची घोषणा ऐकू आली.

यशोदाबाई तशीच बसून होती. खारीक आणि पिकलेलं केळं. तिच्या बोटांना दोन्ही माहीत होतं. सासूनं विद्या दिली तेव्हापासून मंदाच्या त्या दिवसापर्यंत तिनं निंबझिऱ्यातल्या निदान चाळीस पाणथऱ्या तिळाचं तेल लावून दाबल्या होत्या. खारका. सगळ्या खारका. कोणाला काही झालं नव्हतं. आणि मग सोनगीरहून आलेली, उघड्या माळावर वाढलेली, इथं येईपर्यंत ताप म्हणजे काय ते ठाऊक नसलेली मंदा. पिकलेलं केळं.

जे सव्वीस वर्षं तिला नीट मांडता येत नव्हतं ते जीवराम चहा पिता पिता सांगून गेला होता.

*

"वयनी," लीलाधर म्हणाला, "तेल गरम कर."

"त्यानं काय सांगितलं, आयकलं ना? जळगावले न्यायचं."

"नेऊ. तठी नेलं का ते पोट फाडतील आधी. एकदा तू दाब, गोळा बसला तर बसला. उपाशीच हाये तो कालपासून."

"डावीकडचं मी करत नही, भाऊ. तुले माहीत हाये."

"माह्या पोरासाठी नही करनार?" त्याचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. तिला तेच नको होतं. "वयनी, मी कधी बोललो नही. मंदा गेली त्या दिवशी तूच दाबलं व्हतं तिचं पोट. उठून बसली, म्हने, हलकं वाटस आते. मी दारात उभा व्हतो. जाताना तिले एवढं तरी सुख भेटलं, तुह्या हातानं. त्याच्यावर मी दिवस काढले. आन् आता तू म्हनते, जमत नही?"

हलकं वाटस आते. आता हलकं वाटतंय, असं मंदा म्हणाली होती, खरंच. लीलाधर ते ऐकून बागेत गेला. नंतरचं त्यानं पाहिलं नाही. मंदा भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, डावा खांदा दुखस. पोट दाबलं आणि खांदा का दुखतो, म्हणून दोघी हसल्या. मग तिनं पाणी मागितलं. मग परत पाणी. ओठ पीठ लावल्यासारखे पांढरे. लीलाधर परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाहेरची बाधा, म्हणाले लोक. आणि यशोदाबाईच्या उजव्या हाताच्या चार बोटांत ते राहून गेलं: गोळा बोटांखाली ताठ होता, ताठ होता, आणि मग एकदम नव्हता. 'बसला,' असं ती त्या वेळी आनंदानं म्हणाली होती.

"मी हात लावनार नही," ती म्हणाली.

लीलाधरनं खिशातून फोन काढला. "मले माहीत व्हतं. म्हनून मी सकाळीच पहूरच्या पुनाभाऊले फोन केला. आज यावलच्या बाजारात बसेल हाये तो. निंघाला आसनार आता."

पुनाभाऊला ती ओळखत होती, ओळखत म्हणजे नावानं. तो हातानं दाबत नसे. टाचेनं दाबायचा.

"मोठी माय." आतून पूनमचा आवाज आला, तो शेवट ओढलेला. "इकडे या ना. त्यास्ना डावा खांदा दुखी ऱ्हायना म्हनतस."

*

पुनाभाऊ अकरा वाजता आला. कोणालाही वाटलं असतं, टाचेनं पोट तुडवणारा माणूस राकट असेल. हा किडकिडीत, पांढरी टोपी, आवाज लग्नात अक्षता वाटणाऱ्याचा. त्यानं ओट्याखाली चपला काढल्या, पायावर तांब्याभर पाणी घेतलं, उजवी टाच अंगठ्यानं घासून घासून धुतली, पंच्यानं पुसली. मग हसून सगळ्यांकडं बघितलं.

"हं. कोठी हाये पोट?"

पूनमच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. प्रेमराज माजघरात खाटेवर होता, गुडघे पोटाशी. त्याचा पुणेरी आवाज गेला होता, तो आता लहानपणच्यासारखाच कण्हत होता, आणि यशोदाबाईला त्या कण्हण्याचं नाव सापडत नव्हतं. वारा नाही, बेंबी नाही. श्वास अर्धाच आत जात होता आणि भिंतीला आपटून परत येत होता.

"ह्याले खाली घ्या. चटईवर. गादीवर टाच बसत नही," पुनाभाऊ गोड आवाजात म्हणाला. "दोन मिन्टाचं काम हाये. जरा ओरडंन, ओरडू द्या. ओरडलं का गोळा सुटते."

लीलाधर आणि शेजारचे दोघं पुढं झाले. त्यांनी प्रेमराजच्या काखेत हात घातले.

यशोदाबाई चटईवर जाऊन बसली. मधोमध, मांडी घालून.

"वयनी, उठ."

"बैस, भाऊ. तुले एक सांगायचं हाये."

"नंतर सांगजो."

"नंतर कोनाले सांगू? मंदाले मी मारलं."

शेजारच्यांचे हात तसेच राहिले. बाहेर एक कोंबडी ओट्यावर चढून आत डोकावली, कोणी हुसकलं नाही.

"तिच्या बरगडीखाली आसाच गोळा व्हता. आसाच ताप. मी तेल लावलं आन् दाबलं. हाताखाली गोळा फुटला. मले वाटलं, बसला. तिलेबी वाटलं. हलकं वाटलं ते त्याच्यानं. आतमधी रगत सुटलं व्हतं, भाऊ. तू बागेत गेला आन् ती खांदा दुखते म्हने. ह्याच्यावानीच, डावा. मंग पानी, पानी, पानी. बाहेरचं काही नव्हतं लागेल तिले. माहा हात लागला व्हता."

ती भरभर बोलत होती, थांबली तर पुढचं निघणार नाही असं. लीलाधर उभाच होता. त्याचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला, घर उठवताना एकेक वस्तू बाहेर काढावी तसा.

"तुले माहीत व्हतं?"

"अर्धं. बाकीचं आज जीवराम बोलला तव्हा कळलं."

"सव्वीस वर्षं तू मले जेवू घातलं," लीलाधर म्हणाला. "ह्याच हातानं."

"हो."

पुनाभाऊ अजून एका पायावर होता, दुसरी टाच जमिनीला लागू न देता, धुतलेली म्हणून. त्यानं ती हळूच खाली टेकवली. त्याचा आवाज बदलला होता.

"अक्का, एक इचारू? गोळा पायाखाली एकदम नरम लागला, तर मानूस जातेच का?"

"माही एक गेली."

तो खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ओठ हलवत, आवाज न करता, बोटांच्या पेरांवर काही मोजायला लागला. माणसं असावीत. एका हाताची पेरं संपली तशी तो थांबला आणि दुसऱ्या हाताकडं बघत राहिला.

प्रेमराज खाटेवरून म्हणाला, "मोठी माय, पानी दे वं."

पूनम रडतच लीलाधरच्या अंगावर धावली. "आबा, आते तरी गाडी बलावा! माले भेव लागस! बठ्ठा उभाच काय ऱ्हायनात?"

*

हनीफचा टेम्पो केळीचे घड नेतो, त्यामुळे त्यात केळीच्या सुकलेल्या पानांचा जाड थर असतो. त्यावर गादी टाकली. हनीफनं प्रेमराजकडं एकदा बघितलं आणि त्याची नेहमीची मस्करी गिळली.

"अक्का, फिकर नको. पिकला माल कसा नेतो, डाग पडू देत नाही, तसा नेतो. पण टाइम लागंल. खड्डा आला का मी आवाज देणार, तुम्ही त्याला धरायचं."

यावलपासून जळगावपर्यंत तो आवाज देत राहिला. "खड्डाऽऽ! छोटा! खड्डाऽऽ! हा मोठा आहे, या अल्ला!" प्रत्येक वेळी यशोदाबाई एका बाजूनं आणि लीलाधर दुसऱ्या बाजूनं प्रेमराजची कंबर आणि खांदे धरून उचलून धरायचे. चार हात त्याच्या अंगाखाली एकमेकांना लागायचे. लीलाधर तिच्याकडं बघत नव्हता. तापीच्या पुलावर त्यानं एकदाच तोंड उघडलं. "डोकं वर घे त्याचं." तिनं घेतलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं पूनमएवढीच. बोलणं स्वच्छ, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" तिनं पोटावर यंत्र फिरवलं, पडद्यावर बघत राहिली आणि तिचं 'बरोबर' बंद झालं.

"प्लीहा खूप वाढलीय. आणि वरच्या पातळ आवरणाखाली चीर आहे, रक्त साठतंय. अजून पोटात फुटलेली नाही. अजून." ती वळली. "पोट कोणी चोळलं का? खरं सांगा. तुमच्या भागातून चोळून आणतात, मग सांगत नाहीत, आणि मग आम्ही आत उघडून बघतो तेव्हा कळतं. चोळलं, तुडवलं, डाग दिला?"

यशोदाबाई भिंतीशी उभी होती. लीलाधरनं उत्तर दिलं. आवाज सपाट.

"नही. हिनं हात लावू दिला नही कोनाले. हिनं एकदा याच्या मायचं चोळलं व्हतं. ती गेली. म्हनून हिले माहीत."

डॉक्टरिणीचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिनं उचललं.

"आता ऐका," ती म्हणाली. "शक्यतो ऑपरेशन टाळू. ही प्लीहा काढली तर पुढचा ताप त्याला आणखी जड जाईल, शरीराची एक चौकीच उठली म्हणून समजा. औषधं सुरू केलीत, रक्त तयार ठेवतोय. पाच दिवस महत्त्वाचे. त्यानं उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. खोकला आला तर मला बोलवायचं. शिंक नको. जोरात हसायचंसुद्धा नाही. आतली चीर हसण्यानंही फाटू शकते." मग जरा थांबून, "आणि आजी, तुमचं रक्तही त्या कर्मचाऱ्यांनी कळवलंय. तुम्हाला ताप नसला तरी गोळ्या पूर्ण घ्यायच्या. बरोबर?"

"घेते," यशोदाबाई म्हणाली.

*

पहिले दोन दिवस प्रेमराज डोळे मिटून होता. तिसऱ्या दुपारी पूनम औषधं आणायला खाली गेली होती. लीलाधर खाटेच्या पायथ्याशी भिंतीकडं तोंड करून लवंडला होता, झोपला होता की नाही सांगता येत नव्हतं. यशोदाबाई स्टुलावर. हात मांडीत, एकावर एक. या दोन दिवसांत तिनं प्रेमराजला हात लावला नव्हता. तोंड पुसायचं तरी पूनमला हाक मारायची.

"मोठी माय."

"काय रे? दुखते का?"

"मी ऐकलं सगळं. घरीपण. इथंपण." त्याचा आवाज कोरड्या पानासारखा झाला होता. "मला काही बोलायचं नाहीये त्याच्यावर. आत्ता तरी नाही. बरा झालो तर बघू."

ती मान हलवत राहिली.

"तिचं नाव कोणी घ्यायचंच नाही आपल्या घरात. मला वाटायचं, आबा रडतात म्हणून." तो दम घ्यायला थांबला. "कशी बोलायची ती?"

"पूनमवानीच. आवाज तोच."

"तसं नाही. करून दाखव ना. तुला सगळ्यांचे आवाज येतात."

यशोदाबाईनं लीलाधरच्या पाठीकडं पाहिलं. पाठ हलली नाही. तिनं पदर तोंडावर धरला, काढला. मंदाचा आवाज आणायचा म्हणजे घशात एक दार उघडावं लागणार होतं, आणि त्या दाराच्या आत काय काय होतं ते तिला माहीत होतं. पण तिथं फक्त तोच एक दिवस नव्हता. तीन-चार वर्षांच्या सकाळीही होत्या. ती आवाज पातळ करून, शेवट ओढत, सोनगीरच्या बोलीत म्हणाली,

"ऊठ रे राजा! सूर्य डोकावर उना आनि तू आजून लोळी ऱ्हायना! तुना बाप तठे बागमा केळीस्ले गोष्टी सांगी ऱ्हायना, आनि केळी जांभया दी ऱ्हायन्यात..."

प्रेमराजच्या गालाला खळी पडली. ओठ फाकले. छाती हलायला लागली, एकदा, दोनदा, आणि त्याचा हात झटकन डाव्या बरगडीखाली गेला. कपाळावर घाम उमटला.

यशोदाबाई वाक्याच्या मध्येच गप्प झाली. स्वतःच्या तोंडावर तिनं दोन्ही हात दाबून धरले. तो श्वास धरून पडला होता, तीही. भिंतीवरच्या पंख्याचे तीन-चार फेरे झाले. मग त्यानं श्वास सोडला, हळू, अर्धा, मग उरलेला.

"पुढं?" तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"नही. बरा झाल्यावर."

"थोडंच आहे का अजून?"

"लय हाये."

पायथ्याशी पाठ करून पडलेला लीलाधर भिंतीला म्हणाला, "पुढचं मले माहीत हाये."